आर्किमिडीज वाचला कसा? तीन पोथ्यांवर!

रेनेसाँ, म्हणजे युरोपातलं प्रबोधन, म्हटलं की वाटतं, सगळे ग्रीक ग्रंथ कुठंतरी कपाटात नीट ठेवलेले होते आणि युरोपनं फक्त कुलूप उघडलं. छे! आर्किमिडीजचंच बघा ना, तो गेला इ.स.पू. २१२ मध्ये, आणि पुढं हजारेक वर्षांनी त्याचं मूळ ग्रीक लिखाण जे काही टिकलं ते मुख्यतः बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातल्या) लोकांनी ९व्या-१०व्या शतकात नकललेल्या तीन पोथ्यांवर. काही तर ग्रीकमध्ये उरलंच नाही, त्याच्या नावावरची सप्तकोनाची रचना आपल्याला कळते ती बगदादच्या साबित इब्न कुर्राच्या अरबी भाषांतरामुळे.

यातल्या दोन पोथ्या इटलीत पोचल्या. १२६९ मध्ये विल्यम ऑफ मोरबेक या भाषांतरकारानं त्यांवरून शब्दाला शब्द ठेवत लॅटिन भाषांतर केलं, आणि बरं झालं केलं, कारण एका पोथीचा १३११ नंतर पत्ताच नाही. दुसरीही सोळाव्या शतकात गायब झाली, पण तोवर तिच्या नकला निघाल्या होत्या आणि १५४४ मध्ये बाझेलला ग्रीक आवृत्ती छापूनही झाली होती. म्हणजे अगदी थोडक्यात निभावलं! १५८६ मध्ये पाण्यात वजन करायच्या तराजूबद्दल लिहिणारा तरुण गॅलिलिओ आर्किमिडीजचा पक्का भक्त होता, तो हे सगळं वाचूनच.

तिसऱ्या पोथीचं नशीब मात्र फुटकं. चर्मपत्र महाग, त्यामुळे १२२९ च्या सुमारास कुणीतरी तिची शाई खरवडली, पानं आडवी फिरवून मधोमध दुमडली आणि वर प्रार्थना लिहिल्या. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकानं कॉन्स्टँटिनोपलला भिंगातून त्या प्रार्थनांखालच्या पुसट ओळी वाचल्या, नंतर पोथी पुन्हा गायब, १९९८ मध्ये लिलावात २० लाख डॉलरला गेली. मधल्या काळात कुणा महाभागानं काही पानांवर नकली सोनेरी चित्रंही काढून ठेवलेली! शेवटी अमेरिकेत एक्स-रे मारून जुन्या शाईतलं लोखंड शोधलं, तेव्हा कुठं सोन्याखालची अक्षरं दिसली.

आणि त्यात होतं काय, तर आकृतीचे पातळ काप कल्पून, ते तराजूवर तोलून क्षेत्रफळ-घनफळ काढायची आर्किमिडीजची पद्धत, जवळपास आजचं इंटिग्रेशनच (बारीक तुकड्यांची बेरीज करायचं गणित) म्हणा. केप्लर आणि कावालिएरी या युरोपीय गणितज्ञांना हे वाचायला मिळालंच नाही, सतराव्या शतकात त्यांनी कापांची युक्ती आपली आपण नव्यानं शोधली.