बॅरी सँडर्स

सँडर्स, बॅरी : (जन्म १६ जुलै १९६८). अमेरिकन फुटबॉलमधील रनिंग बॅक. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये १९८९ ते १९९८ असे दहा हंगाम तो डेट्रॉइट लायन्स या एकाच संघाकडून खेळला आणि १५,२६९ यार्ड धावला. वॉल्टर पेटनचा १६,७२६ यार्डांचा सर्वकालीन विक्रम जेमतेम एका हंगामाच्या अंतरावर असताना, अंगात धमक शिल्लक असताना, त्याने खेळ सोडला.

संघाची चाल सुरू करणाऱ्या क्वार्टरबॅकने हातात दिलेला चेंडू पोटाशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून वाट काढायची, हे रनिंग बॅकचे मुख्य काम. जिथे त्याला पाडतात तिथपर्यंतचे अंतर संघाच्या खात्यात जमा होते. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकले की चेंडू आपल्याकडेच राहतो. त्यामुळे एका धावेत चार यार्ड मिळाले तरी ते चांगलेच मानतात. सँडर्सची ३,०६२ धावांमधील सरासरी पाच यार्डांची आहे. कबड्डीत चढाईला गेलेल्या खेळाडूला निदान मध्यरेषेकडे परतता येते. इथे परतीची सोय नाही. दर खेपेला धिप्पाड गडी अंगावर कोसळतात, आणि तिशी आली की बहुतेक रनिंग बॅकचे पाय बोलू लागतात.

कॅन्सस राज्यातील विचिटा हे त्याचे गाव. वडील छपरे घालण्याचे काम करीत. उंची जेमतेम १७३ सेंमी. असल्याने मोठ्या महाविद्यालयांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात तो थर्मन थॉमसच्या मागे दोन वर्षे राखीव राहिला. १९८८ मध्ये जागा मिळताच अकरा सामन्यांत २,६२८ यार्ड आणि धावून केलेले ३७ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपार नेणे), असा महाविद्यालयीन खेळात अभूतपूर्व हंगाम त्याने केला. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी त्याला जाहीर झाली तेव्हा तो न्यूयॉर्कच्या समारंभात नव्हता. संघासोबत टोकियोत होता. तिथल्या सामन्यात तो ३३२ यार्ड धावला.

१९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेत, लायन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले. पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, सर्वाधिक यार्डांचा मान मिळवायला थोडे अंतर उरले असताना, सामना खिशात आहे म्हणून तो पुन्हा मैदानात उतरला नाही. तो मान कॅन्सस सिटीच्या क्रिश्चन ओकोयेला दहा यार्डांनी मिळाला. टचडाउन झाल्यावर नाचणे, चेंडू आपटणे हे तर त्याला जमलेच नाही. तो चेंडू पंचाच्या हातात देऊन मागे फिरे.

त्याची धाव मात्र अजिबात विनम्र नव्हती. ठरलेल्या वाटेवर गर्दी दिसली की तो जागच्या जागी थांबे, एका पायावर वळे आणि मैदानाच्या दुसऱ्या कडेने निघे. लायन्सच्या त्या काळातील डावपेचांत बरेचदा त्याच्यापुढे वाट मोकळी करणारा फुलबॅकच नसे, त्यामुळे हुलकावणी हाच त्याचा आधार होता. ती फसली की तो चार-पाच यार्ड मागेच सापडे. प्रशिक्षकांना या नादाचा वैताग येत असणार. प्रेक्षकांना तो हवाहवासा वाटे. १९९४ मध्ये हंगामात १,८८३ यार्ड काढणाऱ्या याच खेळाडूला बाद फेरीत ग्रीन बेने १३ धावांत उणे एक यार्डावर रोखले.

१९९७ च्या पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याचे ५३ यार्ड झाले. नंतरच्या चौदाही सामन्यांत त्याने शंभरी ओलांडली आणि हंगाम २,०५३ यार्डांवर संपवला. एका हंगामात दोन हजारांपलीकडे जाणारा तो तिसरा खेळाडू. सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्या वर्षी त्याला आणि ब्रेट फाव्हरला विभागून मिळाला.

संघाची कथा वेगळीच. सँडर्सच्या दहा हंगामांत लायन्सने बाद फेरीचा एकच सामना जिंकला : ५ जानेवारी १९९२ रोजी डॅलस काउबॉइजवर ३८–६. पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टनने त्यांना ४१–१० असे लोळवले. त्यानंतर बाद फेरीतला पुढचा विजय पाहायला डेट्रॉइटकरांना जानेवारी २०२४ उजाडावा लागला.

जुलै १९९९ मध्ये, सराव शिबिर तोंडावर आले असताना, सँडर्सने विचिटाच्या स्थानिक वृत्तपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती कळवली. राहण्यापेक्षा जाण्याची इच्छा प्रबळ आहे, असा त्याचा आशय होता. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. चाहत्यांना ती पाठ फिरवणे वाटले. क्लबने करारापोटी दिलेल्या रकमेचा काही भाग परत मागितला आणि लवादाने तो द्यायला लावला. पुढे आत्मचरित्रात त्याने पराभव अंगवळणी पडलेल्या संघाबद्दलची निराशा मांडली. विक्रमाची हुरहूर त्याला होती असे दिसत नाही. तो विक्रम ऑक्टोबर २००२ मध्ये एमिट स्मिथने मोडला आणि पंधरा हंगामांत १८,३५५ यार्डांपर्यंत नेला.

२००४ मध्ये सँडर्सचा प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. त्याचे घरचे मैदान, पॉन्टिअॅकचे सिल्व्हरडोम, आता जमीनदोस्त झाले आहे. त्याचा पुतळा २०२३ मध्ये उभारला गेला तो डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डबाहेर. ते मैदान २००२ मध्ये सुरू झाले आणि लायन्सकडून तो तिथे कधीच खेळला नाही.