जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डर: सीमारेषा नेमकी कुठे?

मँचेस्टर परिसरातल्या या दोन बँडमध्ये होणारी गल्लत स्वाभाविक आहे. तीन वादक तेच, व्यवस्थापक रॉब ग्रेटन तोच, फॅक्टरी ही रेकॉर्ड कंपनी तीच आणि आवरणे रचणारा पीटर सॅव्हिलही तोच. त्यातच दोघांच्याही गाजलेल्या संकलनाचे नाव ‘सबस्टन्स’: १९८७ चे न्यू ऑर्डरचे, १९८८ चे जॉय डिव्हिजनचे.

कागदोपत्री फरक सोपा आहे. अमेरिकेच्या दौऱ्यावर निघण्याच्या तोंडावर, १८ मे १९८० रोजी, गायक इयन कर्टिसने वयाच्या २३ व्या वर्षी आत्महत्या केली. चौघांपैकी एक जरी गेला, तरी उरलेल्यांनी जुने नाव वापरायचे नाही असे आधीच ठरलेले असल्याने बर्नार्ड समनर, पीटर हुक आणि स्टीफन मॉरिस यांनी न्यू ऑर्डर हे नाव घेतले. त्याच वर्षी गिलियन गिल्बर्ट त्यांना येऊन मिळाली. कर्टिसचा खर्जातला, घोषणा केल्यासारखा आवाज गेला आणि समनरचा पातळ, काहीसा संकोची आवाज आला. अनोळखी गाणे कोणाचे, हे ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण हीच.

पण एक उदास बँड संपला आणि दुसऱ्या दिवशी नाचाचा बँड सुरू झाला, ही नेहमीची मांडणी मला पटत नाही. न्यू ऑर्डरचे पहिले एकल गाणे (सिंगल) ‘सेरेमनी’ (१९८१) हे मुळात जॉय डिव्हिजनचे, शब्द कर्टिसचे. त्याच वर्षीचा ‘मूव्हमेंट’ हा अल्बम मार्टिन हॅनेटनेच घडवला. ‘अननोन प्लेझर्स’ (१९७९) आणि ‘क्लोजर’ (१९८०) या जॉय डिव्हिजनच्या दोन्ही अल्बमना ज्याने तो पोकळ, गार अवकाश दिला होता, तोच हा निर्माता. नाव नवे असले, तरी त्या अल्बमवर कर्टिसची सावली इतकी दाट आहे की तो जॉय डिव्हिजनचा तिसरा अल्बम मानावा, असे मला वाटते. उलट ‘क्लोजर’मधल्या ‘आयसोलेशन’मध्ये सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य आधीच पुढे आलेला दिसतो.

खरी सीमारेषा मार्च १९८३ मधल्या ‘ब्लू मंडे’ची. न्यूयॉर्कच्या क्लबांमधले संगीत ऐकून आलेल्या या मंडळींनी ड्रम मशीन आणि सीक्वेन्सर (सूर ठरावीक क्रमाने आपोआप वाजवणारे यंत्र) यांवर उभे केलेले हे सात मिनिटांहून मोठे गाणे १२ इंची एकल तबकडीच्या विक्रीत अव्वल ठरले. फ्लॉपी डिस्कसारख्या त्याच्या आवरणावर बँडचे नाव सरळ छापलेलेच नव्हते, रंगपट्ट्यांच्या सांकेतिक लिपीत होते. त्यामुळे गोंधळ वाढला असल्यास नवल नाही. टी-शर्टवर दिसणाऱ्या पांढऱ्या नागमोडी रेषा मात्र एका पल्सारच्या, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याच्या, रेडिओ स्पंदनांच्या असून त्या ‘अननोन प्लेझर्स’च्या आवरणावरच्या, म्हणजे जॉय डिव्हिजनच्या.

दोन्ही बँडना जोडणारा धागा हुकच्या बास गिटारचा. समनरचा अॅम्प्लिफायर इतका जोरात वाजे की स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून हुक वरच्या सुरांकडे वळला आणि बासवर चाल वाजवू लागला. तो २००७ मध्ये बाहेर पडला. २०११ पासून न्यू ऑर्डर त्याच्याविना वाजते आहे, आणि हुक ‘द लाइट’ या आपल्या बँडसह दोन्ही बँडचे अल्बम रंगमंचावर सादर करतो.