वितळत नाही म्हणून चांगलं आणि वितळत नाही म्हणूनच बिनकामाचं: उष्णता झेलणाऱ्या प्लॅस्टिकची पार्श्वभूमी

इंजिनाजवळचे पार्ट, स्टरिलायझरमध्ये रोज उकळून निघणारी मेडिकल उपकरणं, सर्किट बोर्डवरचे कनेक्टर, या सगळ्यात आता प्लॅस्टिक असतं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही. पण या प्लॅस्टिककडून आपण दोन उलट्या गोष्टी मागतो, वापरताना गरम झालं तरी मऊ पडायचं नाही, आणि कारखान्यात मात्र गरम केलं की मुकाट्याने पातळ होऊन साच्यात शिरायचं. त्यात सेंद्रिय पॉलिमरला, म्हणजे प्लॅस्टिक ज्या कार्बनच्या लांब रेणू-साखळ्यांचं बनतं त्यांना, वरची मर्यादाही आहे, साडेतीनशे-चारशे अंश सेल्सियसच्या पुढे बहुतेक साखळ्यांचे बंध तुटायला लागतात. म्हणजे वितळणं आणि जळणं यांच्यामध्ये जी फट उरते तेवढ्यातच सगळा खेळ, आणि गेल्या शंभर वर्षांचा इतिहास बघितला तर ती फट रुंद करायची धडपड असंच त्याचं वर्णन करावं लागेल. गंमत म्हणजे उष्णता झेलणारी साखळी बनवणं फारसं कधी अडलं नाही, अडलं ते तिला साच्यात घालणं. त्यामुळे यातले बरेच मोठे शोध हे चांगल्या साखळीत मुद्दाम थोडी खोट ठेवण्याचे आहेत असं माझं मत.

सुरुवात बेकेलाइटपासून. लिओ बेकेलँडने १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनवर उष्णता आणि दाब दोन्ही एकदम वापरून पेटंट अर्ज केला आणि १९०९ मध्ये ते जगासमोर आणलं. त्याच्या आधीही लोकांनी ही रिॲक्शन केली होती पण हाती यायचा तो फेसाळ, भेगाळलेला गोळा, बेकेलँडने दाब देऊन बुडबुडे आवरले, ही त्याची खरी करामत. पण बेकेलाइट एकदा साच्यात सेट झालं की झालं, साखळ्या एकमेकींना सगळीकडून बांधल्या जातात, परत गरम करून वितळवता येत नाही. उष्णतेला छान, विजेला छान, पण ठिसूळ, लाकडाचा भुसा वगैरे भरल्याशिवाय फारसा उपयोग नाही, आणि प्रत्येक पार्ट साच्यात पक्का होईपर्यंत थांबायचं. वितळवून दणादण पार्ट काढायचे तर थर्मोप्लॅस्टिकच, म्हणजे गरम केलं की परत वितळणारं प्लॅस्टिकच, पाहिजे.

तिथे मुळात पॉलिमर म्हणजे काय यावरच भांडण होतं. जर्मन केमिस्ट स्टाउडिंगरने १९२० मध्ये लांब साखळीची कल्पना मांडली, अनेकांनी ती बरीच वर्षं मानली नाही. ड्यूपॉन्ट या अमेरिकन कंपनीत केमिस्ट कॅरोदर्सने आधी पॉलिएस्टर करून बघितले, धागे निघाले पण वितळायचे इतक्या कमी तापमानाला की कपड्याला इस्त्रीही करता येणार नाही. मग एस्टरऐवजी अमाइड घेतलं आणि १९३५ मध्ये नायलॉन ६६ आलं, वितळतं साधारण २६५ अंशाला, कारण अमाइडचे गट शेजारच्या साखळीला हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात. पॉलिएस्टरचा सोडून दिलेला धागा व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन इंग्रज केमिस्टनी १९४१ मध्ये परत उचलला, फक्त त्यांनी टेरेफ्थॅलिक आम्ल वापरलं, म्हणजे साखळीत बेंझिनची, सहा कार्बनची ताठ, रिंग घातली, आणि तोच पॉलिएस्टर एकदम २६० अंशाच्या आसपास वितळायला लागला.

ही रिंग पुढच्या सगळ्या गोष्टीची नायिका आहे. लवचिक साखळी वितळली की हजार प्रकारे वळू शकते, त्यामुळे तिला वितळण्यात खूप फायदा असतो, ताठ साखळीला वितळूनही फारसं काही करता येत नाही म्हणून ती जास्त तापमानापर्यंत घट्ट बसून राहते. रिंग म्हणजे ताठपणा. मग भराव्यात की रिंगाच रिंगा! तर नाही, फार ताठ केली की वितळण्याचं तापमान जळण्याच्याही वर जातं आणि मग साच्यात घालणार काय.

टेफ्लॉनची अडचण त्याहून वेगळी. ड्यूपॉन्टच्याच प्लंकेटला ते १९३८ मध्ये योगायोगाने सापडलं, ३२७ अंशाला वितळतं, पण 'वितळतं' म्हणजे नुसतं नावाला, इतकं घट्ट राहतं की वाहतच नाही, त्यामुळे त्याची पावडर दाबून भाजावी लागते, धातूच्या पावडरीचे पार्ट करतात तसंच. इंजेक्शन मोल्डिंग, म्हणजे वितळलेला माल दाबाने साच्यात ढकलणं, विसरा.

१९५३ हे वर्ष मला फार आवडतं. जर्मनीत बायरच्या श्नेलने आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्सने एकमेकांचा पत्ता नसताना पॉलिकार्बोनेट केलं, जेमतेम आठवड्याच्या अंतराने. फॉक्स तर तारेवर लावायच्या इनॅमलच्या शोधात होता, आणि फ्लास्कमध्ये स्टिररवर असा गोळा घट्ट बसला की फोडता फुटेना. पुढे अग्रहक्क बायरला मिळाला आणि दोघांनीही माल विकला. पण मुद्दा हा की कार्बोनेट नवे नव्हतेच, आइनहॉर्नने १८९८ मध्येच हायड्रोक्विनोन घेऊन असा पदार्थ केला होता, तो ना विरघळायचा ना वितळायचा, म्हणून बाजूला पडला. श्नेल आणि फॉक्सने बिस्फिनॉल ए घेतलं, ज्यात दोन रिंगांच्या मध्ये एक कार्बन बसून कोपरा करतो आणि त्यावर दोन मिथाइल गट आडवे येतात. साखळ्या नीट रचून बसत नाहीत, स्फटिक होत नाही, म्हणून पारदर्शक, आणि मऊ पडायला सुरुवात १५० अंशाच्या जवळ. साखळीत एक वाकडा सांधा, बस, आणि वस्तू मोल्ड होते.

ॲसिटलची, म्हणजे पॉलिफॉर्मल्डिहाइडची, कथाही अशीच. स्टाउडिंगरने ते १९२० च्या दशकातच अभ्यासलं होतं पण गरम केलं की साखळी टोकापासून उसवत जायची आणि परत फॉर्मल्डिहाइडचा वास. ड्यूपॉन्टने टोकांना ॲसिटेटची टोपी घातली, त्यातून १९६० मध्ये डेलरिन बाजारात आलं. सेलनीजने वेगळं डोकं लावलं, साखळीत मधूनमधून दोन कार्बनचा तुकडा घातला, उसवणं तिथे येऊन थांबतं. वितळण्याचं तापमान यात दहाएक अंशांनी खाली आलं, पण मोल्डिंग करणाऱ्याला ते परवडतं.

आणि मग पीपीओ, म्हणजे पॉलिफिनिलीन ऑक्साइड. जनरल इलेक्ट्रिकच्याच ॲलन हे याने १९५६ मध्ये झायलिनॉल या फिनॉलच्या भावंडाच्या द्रावणात तांबं आणि अमाइनच्या कॅटलिस्टबरोबर नुसता ऑक्सिजन सोडला, साध्या खोलीच्या तापमानाला, आणि लांब साखळ्या तयार. काचेसारखी अवस्था सुटून मऊ पडू लागायचं तापमान, म्हणजे काचेचं तापमान, २१० अंशाच्या आसपास, पाण्याची पर्वा नाही, विजेला उत्तम. कागदावर काहीच कमी नाही. पण मोल्ड करायला इतकं तापवावं लागायचं की रिंगेवरचे मिथाइल गट हवेत ऑक्सिडाइझ व्हायचे, माल पिवळा, ठिसूळ. सुटका कशाने झाली तर पॉलिस्टायरिनने, जे १०० अंशालाच मऊ पडतं आणि ज्याच्याकडे इंजिनिअर लोक जरा नाक मुरडूनच बघतात. दोन पॉलिमर सहसा एकमेकांत मिसळत नाहीत, साखळ्या लांब असल्या की मिसळण्याचा फायदाच उरत नाही, पण हे दोघे हव्या त्या प्रमाणात मिसळतात आणि मऊ पडण्याचं तापमान दोघांच्या मध्ये कुठेही ठरवता येतं. १९६६ मध्ये ते नोरिल म्हणून आलं आणि शुद्ध पीपीओपेक्षा कितीतरी जास्त चाललं. उष्णता मुद्दाम गमावून धंदा कमावला म्हणा ना.

त्याच सुमारास अवकाश आणि लष्कराच्या पैशावर दुसऱ्या टोकाला काम चाललं होतं, तिथे एकच प्रश्न, किती तापमान झेलतं? मार्व्हल आणि व्होगेलचं पॉलिबेंझिमिडॅझोल १९६१ चं, त्याचं काचेचं तापमान चारशेच्या वर. ड्यूपॉन्टचं पॉलिइमाइड, म्हणजे कॅप्टॉन फिल्म, वितळतच नाही. म्हणून आधी विरघळणारी कच्ची साखळी घ्यायची, फिल्म ओढायची आणि मग तापवून रिंगा बंद करायच्या, यात पाणी सुटतं. पातळ फिल्ममधून ते निघून जातं, जाड पार्टमध्ये मात्र बुडबुडे, आणि झालं, बेकेलँडच्या आधीच्या लोकांची डोकेदुखी परत. जाड वस्तू पाहिजे तर पावडर दाबून भाजा आणि लेथवर कापा, व्हेस्पेल हे ड्यूपॉन्टचंच पॉलिइमाइड तसंच मिळतं. टॉरलॉन, म्हणजे पॉलिअमाइड-इमाइड, मोल्ड होतं खरं, पण नंतर ओव्हनमध्ये कित्येक दिवस टप्प्याटप्प्याने तापवावं लागतं तेव्हा कुठे पूर्ण ताकद येते.

यातून वाट काढली ती ऑक्सिजनने. दोन रिंगांच्या मध्ये ईथरचा ऑक्सिजन बसवला की तिथे साखळी थोडी फिरू शकते, आणि तो बंध उष्णतेलाही दगा देत नाही. युनियन कार्बाइडचं पॉलिसल्फोन १९६५ चं, मग आयसीआय या ब्रिटिश कंपनीचं पॉलिईथरसल्फोन. जनरल इलेक्ट्रिकने १९८२ मध्ये अल्टेम आणलं, इमाइडच्या साखळीत ईथर आणि बिस्फिनॉल एचा तोच जुना कोपरा, काचेचं तापमान २१७, आणि सरळ इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर चालतं.

पण यातला राजा पीईईके, म्हणजे पॉलिईथर-ईथर-कीटोन. रिंग, ऑक्सिजन, रिंग, ऑक्सिजन, रिंग, कीटोन (कार्बन-ऑक्सिजनचा गट), अशी साखळी, ३४३ अंशाला वितळते. अशा कीटोनच्या साखळ्या साठच्या दशकात करून बघितल्या होत्या पण एक चमत्कारिक अडचण होती, पॉलिमर इतका पटकन स्फटिक होऊन द्रावणातून बाहेर पडायचा की साखळी लांब व्हायच्या आतच वाढ थांबायची, मग हाती ठिसूळ पावडर. आयसीआयच्या लोकांनी १९७८ मध्ये डायफिनाइल सल्फोन हा द्रावक घेतला, जो स्वतः खोलीच्या तापमानाला घन असतो, आणि रिॲक्शन तीनशे अंशाच्या वर नेली, म्हणजे साखळी विरघळलेली राहते आणि वाढत राहते. माझ्या मते त्यांनी रेणूपेक्षा भांडं बदललं. महाग का, तर फ्लोरिनवाला कच्चा माल महाग, हे कोडं अजून सुटलेलं नाही. फिलिप्स पेट्रोलियमचं पीपीएस, म्हणजे पॉलिफिनिलीन सल्फाइड, त्यामानाने स्वस्त, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून बाजारात, २८० अंशाच्या जरा वर वितळतं, ठिसूळ आहे पण ग्लास फायबर घातलं की कामाला येतं.

ग्लास फायबरवरून एक सांगायचं राहिलं, डेटाशीट वाचताना फसू नका. साधं नायलॉन ६६ जड भाराखाली ८० अंशाच्या आसपासच वाकतं, ३० टक्के ग्लास घातलं की तोच आकडा २५० होतो. केमिस्ट्री तीच, सांगाडा वेगळा. आणि वाकण्याचा आकडा म्हणजे वर्षानुवर्षं तेवढ्या तापमानात टिकेल असं अजिबात नाही, त्यासाठी दीर्घकाळ तापवून केलेली वेगळी टेस्ट असते.

मुद्दाम खोट ठेवायची तीच युक्ती पुढेही दिसते. लिक्विड क्रिस्टल पॉलिमर घ्या, म्हणजे वितळल्यावरही ज्याच्या साखळ्या रांगेत राहतात असं प्लॅस्टिक, नुसत्या हायड्रॉक्सिबेंझॉइक आम्लाची साखळी जळेपर्यंत वितळत नाही, सेलनीजने त्यात नॅफ्थलिनचा वाकडा तुकडा मिसळला आणि १९८५ मध्ये व्हेक्ट्रा आलं, २८० च्या आसपास वितळतं आणि पाण्यासारखं पातळ भिंतीत धावतं. नायलॉन ६टी, म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्लाची रिंग असलेलं नायलॉन, वितळण्याचं तापमान ३७० अंश, म्हणजे जळण्याच्या वर, म्हणून दुसरे मोनोमर, म्हणजे साखळीचे सुटे दुवे, घालून ते ३१० च्या जवळ आणलं. युरोपने जुलै २००६ पासून सोल्डरमधलं शिसं बंद केलं, नवं सोल्डर १८३ ऐवजी २१७ अंशाला वितळायला लागलं, ओव्हन २६० पर्यंत गेले, आणि कनेक्टरवाल्यांनी साधं नायलॉन सोडून या दोघांकडे धाव घेतली. पीईकेके, म्हणजे पीईईकेचं भावंड, तर मूळचं साठच्या दशकातलं, त्यात सरळ आणि वाकड्या तुकड्यांचं प्रमाण बदललं की वितळण्याचं तापमान ३०५ पासून ३६० च्या आसपासपर्यंत हलवता येतं. थ्रीडी प्रिंटिंगवाले सहसा ६० सरळ तुकड्यांना ४० वाकडे असलेलं घेतात, ते सावकाश स्फटिक होतं, त्यामुळे एक थर दुसऱ्याला चिकटायला वेळ मिळतो आणि पार्ट कमी वाकतो.