आधी सांधे मोजले, मग माणसाला विचारलं

संधिवाताच्या रुग्णाला बायोलॉजिकल औषध (सजीव पेशींत बनवलेलं, दाह वाढवणारा ठराविक रेणू अडवणारं इंजेक्शन) सुरू झालं की सहा महिन्यांनी एक प्रश्नावली देऊन ‘या उपचारावर तुम्ही किती समाधानी आहात?’ असं विचारायची पद्धत आता बऱ्याच देशांत आहे. ही पद्धत औषधांपेक्षाही नवी आहे. औषधं १९९८ पासून बाजारात आली. औषधोपचाराबद्दलचं समाधान मोजणारी आज सर्वाधिक वापरात असलेली ‘टीएसक्यूएम’ ही १४ प्रश्नांची प्रश्नावली २००४ मधली. मधल्या काळात रुग्ण बोलत होते, पण त्यांचं बोलणं नोंदवायला तक्त्यात रकाना नव्हता. समाधानाचे आजचे आकडे वाचताना हा मागचा प्रवास माहीत असायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं.

बायोलॉजिकलच्या आधी काय होतं? फ्रान्समध्ये जाक फॉरेस्तिए यांनी १९२९ मध्ये सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पुढची काही दशकं ती दिली गेली. गुण यायला महिने लागायचे, अंगावर पुरळ उठायचं, मूत्रपिंडाला त्रास व्हायचा. मग सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी पहिल्यांदा कॉर्टिझोन हे स्टिरॉइड दिलं. अंथरुणाला खिळलेली माणसं काही दिवसांत चालू लागली आणि १९५० मध्ये हेंच आणि आणखी दोन संशोधकांना नोबेल मिळालं. त्या रुग्णांना तेव्हाच प्रश्नावली दिली असती, तर सगळ्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. वर्षभरानंतर चेहरे गोल झाले, रक्तातली साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली. समाधान कधी विचारता, पहिल्या महिन्यात की तिसऱ्या वर्षी, यावर उत्तर किती बदलतं हे स्टिरॉइडनं दाखवून दिलं. ‘ती जुनी गोळीच बरी होती, डॉक्टर’ हे वाक्य आजही ओपीडीत ऐकू येतं. त्याचं मूळ त्या पहिल्या, खऱ्याखुऱ्या आरामात आहे.

संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेट या गोळीच्या कहाणीत मुंबई आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमधल्या रक्तक्षयाचा तिनं अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानं हा रक्तक्षय बरा होतो, हे तिला दिसलं. त्या अर्कातला घटक म्हणजे फोलिक ॲसिड. पुढे अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत, आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं फोलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणणारी रसायनं बनवली. त्यांतलंच एक मेथोट्रेक्सेट. आधी ते कॅन्सरवर वापरलं गेलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी मंजूर झालं. आज आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि अधल्यामधल्या दिवशी फोलिक ॲसिड घेणाऱ्या बाईच्या औषधांच्या डब्यात मुंबईच्या गिरणगावाचाही वाटा आहे. हे औषध स्वस्त आहे, उपयोगी आहे आणि आजही पहिलं तेच दिलं जातं. पण गोळीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मळमळतं, अन्न नको होतं. डॉक्टरांच्या लेखी आजार ‘आटोक्यात’ असतो आणि रुग्ण त्या दिवसाच्या धास्तीत असतो.

बायोलॉजिकल औषधांची वाट लंडनमध्ये मोकळी झाली. केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांच्यासोबत फिओन्युला ब्रेनन काम करत होत्या. सांध्याच्या अस्तरातल्या पेशी बाहेर वाढवून त्यांनी १९८९ मध्ये दाखवलं की टीएनएफ हा एक रेणू अडवला की दाह वाढवणारे दुसरे रेणूही ओसरतात. त्याला अडवणारी प्रतिद्रव्यं बनवण्याचं तंत्र केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्येच शोधलं होतं. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात, बाकी औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना पहिले डोस सलाइनमधून दिले गेले. हे औषध पुढे इन्फ्लिक्सिमॅब म्हणून ओळखलं गेलं. १९९४ च्या चाचणीत ७३ रुग्णांना एकेकच डोस होता. चौथ्या आठवड्यात, तुलनेसाठी औषध नसलेला डोस दिलेल्या गटात २४ पैकी दोघांना फरक पडला होता, मोठ्या डोसच्या गटात २४ पैकी १९ जणांना.

या पहिल्या रुग्णांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली होती. सूज उतरायच्या आधीच अंगातला थकवा गेला, डोकं हलकं झालं. संधिवात झालेल्या कुणाच्याही घरात हे लगेच समजेल. ‘दुखतं ते सोसते, पण अंगात जीवच नाही’ हे वाक्य तिथं रोजचं असतं. पण १९९५ मध्ये औषधाचं यश ठरवणारा जो अमेरिकी निकष आला, त्यात दुखरे सांधे, सुजलेले सांधे, रक्ततपासणी, वेदना, हालचाल आणि रुग्णाचा व डॉक्टरांचा एकूण अंदाज एवढंच होतं. थकवा नव्हता. २००२ मध्ये ब्रिस्बेनला मोजमापांवर काम करणाऱ्या ‘ओमेरॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या बैठकीत रुग्णांना पहिल्यांदा बरोबरीनं बसवलं आणि त्यांनी थकव्याचा विषय लावून धरला. त्यानंतर तो मोजला जाऊ लागला. पहिल्या डोसापासून दहा वर्षं गेली होती.

हालचालीचं मोजमापही कुठल्या घरातून आलं यावर अवलंबून असतं. स्टॅनफर्डमध्ये जेम्स फ्राइज यांनी १९८० मध्ये आणलेली ‘हॅक’ ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यातले बरेच प्रश्न अमेरिकी घरातले आहेत. २००२ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी तिची भारतीय आवृत्ती तपासून प्रसिद्ध केली. त्यात उकिडवं किंवा मांडी घालून बसता येतं का, रिक्षात चढता-उतरता येतं का, भाजीबाजारात जाऊन खरेदी करता येते का, असे प्रश्न आले. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. देवापुढे खाली बसता येणं किंवा भारतीय संडासात कुणाच्या आधाराशिवाय बसून उठता येणं, यात आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं समाधान सामावलेलं आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघरी सर्वेक्षण सुरू केलं. संधिवात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार नाही, हे त्या कामानं आकड्यांत मांडलं.

समाधानाचे आकडे काय सांगतात? अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या संधिवातात आधी वेदनाशामक गोळ्या आणि व्यायाम यांपलीकडे हाती फारसं नव्हतं. त्या रुग्णांना ही औषधं वरदान वाटली यात नवल नाही. पण १८ देशांतल्या, आजार पुरता आटोक्यात नसलेल्या १,६०० हून अधिक रुग्णांच्या एका अभ्यासात (त्यात सगळ्याच प्रकारची संधिवाताची औषधं होती) शंभरात जेमतेम तेरा-चौदा जणांनी आपण चांगले समाधानी असल्याचं सांगितलं. अपेक्षा वाढतात, आणि त्या वाढायलाच हव्यात. टोचण्याच्या त्रासाचंच पाहा. ॲडॅलिमुमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन फार चुरचुरतं अशी तक्रार होती. पुढे त्यातला सायट्रेट हा क्षार काढलेलं रूप आलं आणि ती आग बरीच कमी झाली. एटॅनरसेप्ट हे तसंच दुसरं औषध आधी आठवड्यातून दोनदा घ्यावं लागे, नंतर एकदाच घेता येऊ लागलं.

भीतीचाही हिशेब हवा. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षयरोग झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. टीएनएफ शरीरातल्या झोपलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवतो. तो अडवला की ते जागे होतात. तेव्हापासून औषधाआधी छातीचा एक्स-रे आणि मँटू (त्वचेत टोचून करायची क्षयाची चाचणी) किंवा रक्ताची तपासणी केली जाते, आणि लपलेला क्षय आढळला तर आधी त्यावर गोळ्या दिल्या जातात. जगातले साधारण चौथा हिस्सा क्षयरुग्ण भारतात आहेत. त्यामुळे आपल्या रुग्णाची धास्ती युरोपातल्या रुग्णाहून वेगळी असते, आणि ती समजावून घेतली नाही तर तो अर्ध्यातून औषध सोडतो.

पेटंट संपू लागल्यावर बायोसिमिलर औषधं, म्हणजे मूळ बायोलॉजिकलशी अगदी मिळतीजुळती, दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली औषधं आली आणि समाधानाची एक निराळी बाजू दिसली. नॉर्वेत ४८२ रुग्णांपैकी निम्म्यांना गुपचूप बायोसिमिलरवर नेलं (कोणतं औषध चालू आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नाही). २०१७ मध्ये निकाल आला, आणि दोन्ही गटांत आजार बळावण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं: २६ आणि ३० टक्के. नेदरलँड्समध्ये १९२ रुग्णांना सांगून बदल केला, तेव्हा सहा महिन्यांत २४ टक्क्यांनी नवं औषध सोडलं, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या तक्रारी तपासणीत न दिसणाऱ्या होत्या. काही डॉक्टर याला ‘मनाचे खेळ’ म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. सांगितलं कसं, विचारलं होतं का, पुढची वाट मोकळी ठेवली होती का, हासुद्धा उपचाराचाच भाग आहे.

भारतात मात्र बायोसिमिलर आल्यामुळेच दार किलकिलं झालं. डिसेंबर २०१४ मध्ये झायडस कॅडिलानं ॲडॅलिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर इथे आणलं. एका इंजेक्शनची किंमत सुमारे २०० डॉलर, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ औषधाच्या साधारण पाचवा भाग होती. तरी दर पंधरा दिवसांनी एक, आणि तेही बहुतेकदा खिशातून. त्यामुळे काही महिने घ्यायचं, बरं वाटलं की अंतर वाढवायचं, पैसे संपले की थांबायचं, असं आपल्याकडे सर्रास होतं. टीएसक्यूएमचे १४ प्रश्न गुण, दुष्परिणाम, सोय आणि एकूण समाधान यांबद्दल आहेत. खर्चाबद्दल त्यात एकही प्रश्न नाही. शिवाय ती भरून घेतली जाते औषध चालू असलेल्यांकडून. महाराष्ट्रात असा अभ्यास करायचा असेल, तर किमतीचा प्रश्न त्यात घालायला हवा आणि ज्यांचं इंजेक्शन चौथ्या-पाचव्या महिन्यात बंद पडलं, त्यांच्या घरी जाऊनही विचारायला हवं.