चौकातला गुलाबी पक्षी कुठून आला?

नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सकडे फिरायला गेलं की रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दोन ठिकाणी भेटतो. हिवाळ्यापासून मेपर्यंत खाडीच्या चिखलात, आणि बारा महिने रस्त्याच्या कडेला: फायबरचा नाहीतर भंगाराच्या लोखंडाचा, मान वाकवून उभा. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये तिचं नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. मधल्या काळात नवी मुंबई स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवू लागली आणि गुलाबी रंग रस्त्यावर आला.

त्याआधी आपल्या चौकांत पुतळे असत, तेही काळपट ब्राँझचे. ठाणे जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. गेटवेसमोरचा १९६१ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा घडवणारे सदाशिव साठे कल्याणचेच. पुतळा म्हटला की उंच चौथरा, रेलिंग, जयंतीला हार. त्याला हात लावायचा नसतो, रंग तर नाहीच नाही.

ही रंगाची नावड मात्र आपली नव्हे. ती १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल या मुंबईच्या कलाशाळेच्या वाटेने, युरोपातल्या शिक्षणाबरोबर आली. गंमत अशी, की ग्रीकांचे संगमरवरी पुतळे मुळात रंगवलेले होते. शतकांच्या ओघात रंग उडाला आणि युरोपने उरलेल्या पांढऱ्यालाच अभिरुची मानलं. आपण मात्र घरात शेंदरी मारुती आणि पेणचा पिवळ्या पितांबराचा गणपती पुजत राहिलो. गणपतीच्या डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय मूर्ती पुरी झाली असं कोणी म्हणत नाही.

पश्चिमेत रंग शिल्पात परतला तो साठच्या दशकात, पॉप आर्टबरोबर. रोजच्या वस्तू, जाहिराती, कॉमिक्स हेच विषय झाले. क्लेस ओल्डेनबर्ग या अमेरिकन शिल्पकाराने कपड्याचा चिमटा इमारतीशेजारी शोभेल एवढा केला (फिलाडेल्फिया, १९७६). पुढे कूशा व्हॅन ब्रुगेन या आपल्या पत्नीबरोबर त्याने मिनियापोलिसमध्ये प्रचंड चमच्यावर लालभडक चेरी ठेवली, १९८८ मध्ये. रॉबर्ट इंडियानाने 'लव्ह' ही चार अक्षरं आधी नाताळच्या कार्डावर, मग १९७० मध्ये पोलादात उभी केली. कॉपीराइट त्याच्या हाती राहिला नाही, नकला जगभर झाल्या. तलावाकाठच्या 'आय लव्ह अमुकतमुक' अक्षरांपुढे सेल्फी काढणाऱ्यांना आपण कोणाच्या नातवंडांना भेटतोय याची कल्पना नसते.

मला या मंडळींत सगळ्यात जवळची वाटते शिल्पकार निकी द सँ फाल. तिच्या 'नाना' म्हणजे गरगरीत, नाचऱ्या, भडक रंगांच्या बायका. १९७४ मध्ये जर्मनीतल्या हॅनोवरच्या रस्त्यावर त्या उभ्या राहिल्या तेव्हा नागरिक चिडले होते. आज त्या शहराची ओळख आहेत. पण ज्या पॉलिस्टरमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये, ती काम करायची त्याच्या वाफांनी तिची फुप्फुसं बिघडली.

आपल्याकडचं फायबर म्हणजे बहुतेक वेळा तेच पॉलिस्टर रेझिन. मातीत आकार घडवायचा, त्यावरून पीओपीचा साचा घ्यायचा, साच्याला वॅक्स, मग जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर पडला की घाई करावी लागते. काचेच्या तंतूंची मॅट ब्रशने दाबून दाबून बसवायची, बुडबुडा राहता कामा नये. दोन अर्धे जोडले की पुट्टी, पॉलिश पेपर, स्प्रे गन, वरून क्लिअर कोट. घासताना उडणारी धूळ अंगाला अशी खाजते की आंघोळीनेही जात नाही. मंडपातले देखावे आणि चित्ररथ करणाऱ्या कारागिरांना ही सगळी कामं पाठ असतात. त्यामुळे चौकातला पक्षी नात्याने पॉप आर्टचा असेल, पण हात गणेशोत्सवाचेच.

कच खातो तो रंग. गणपतीचा रंग दहा-अकरा दिवस टिकला तरी भागतं. चौकातल्या शिल्पाला मे महिन्याचं ऊन आणि खाडीचा खारा वारा वर्षानुवर्षं सोसायचा असतो. त्यात स्वस्त लाल-गुलाबी आधी उडतात. खऱ्या रोहितचंही तसंच. त्याचा रंग खाण्यातून येतो, ते खाणं तुटलं की पिसं फिकी पडतात. फायबरच्या पक्ष्याला कोणी खायला घालत नाही, त्याला दर दोन-तीन वर्षांनी रंगाचा हात द्यावा लागतो. उभारणीचं उद्घाटन होतं, रंगाच्या हाताचं होत नाही.

माझ्या सकाळच्या वाटेवरचा एक पक्षी आता पाठीवर साबुदाण्याच्या रंगाचा झालाय. पोटाखाली, ऊन पोचत नाही तिथे, मूळ गुलाबी अजून तसाच आहे.