पीएमईजीपी: अनुदान किती, कागद कोणते आणि प्रकरण अडतं कुठे

प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, अनुदानाची रक्कम तुमच्या हातात येत नाही. आधी बँक कर्ज देते. त्या कर्जापोटी अनुदान (योजनेच्या भाषेत मार्जिन मनी) बँकेत जमा होतं आणि तुमच्या नावाच्या ठेवीत तीन वर्षं राहतं. म्हणून हा अर्ज अनुदानाचा समजून भरू नका. तो कर्जाचा अर्ज आहे, आणि बँकेला पटला तरच पुढे सरकतो.

खाली दिलेल्या मर्यादा २०२२ मध्ये सुधारलेल्या, २०२५-२६ पर्यंतच्या मार्गदर्शक सूचनांमधल्या आहेत. योजनेच्या पोर्टलवर नवे अर्ज घेणं सुरू आहे का, हे कागद जमवायच्या आधी बघा.

उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो, सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा. वय १८ पूर्ण हवं, कमाल वयाची आणि उत्पन्नाची अट नाही. उत्पादनात १० लाखांच्या वर किंवा सेवेत ५ लाखांच्या वर प्रकल्प असेल तर आठवी पास असणं गरजेचं आहे. पती-पत्नीपैकी एकालाच लाभ मिळतो. आधी कुठल्याही सरकारी योजनेतून अनुदान घेतलेलं युनिट बसत नाही, आणि चालू असलेला धंदाही नाही. युनिट नवंच हवं. कर्जमंजुरीआधीच यंत्रं आणून उत्पादन सुरू केलं, तर ‘नवं’ हा शब्द तुमच्या हातून जातो. दारू, तंबाखू, मांस प्रक्रिया आणि पीक लागवड हे धंदे योजनेत बसत नाहीत.

अनुदानाचा दर दोन गोष्टींवर ठरतो: अर्जदाराचा प्रवर्ग आणि युनिटची जागा. सर्वसाधारण प्रवर्गाला शहरी भागात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांना शहरात २५ आणि गावात ३५ टक्के. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण प्रवर्गाला १० टक्के, बाकीच्यांना ५ टक्के. इथे तुम्ही राहता कुठे हे धरत नाहीत, युनिट कुठे आहे ते धरतात.

समजा, एखादी महिला ग्रामपंचायत हद्दीत ८ लाखांचा मसाला उद्योग टाकते. तिने ४० हजार भरायचे, बँक ७ लाख ६० हजार देते, अनुदान २ लाख ८० हजार. प्रत्यक्ष फेडायचं मुद्दल राहतं ४ लाख ८० हजार. तोच प्रकल्प सर्वसाधारण प्रवर्गातल्या पुरुषाने शहरात केला, तर स्वतःचे ८० हजार, अनुदान १ लाख २० हजार आणि फेडायचे ६ लाख. अनुदान ठेवीत असेपर्यंत त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, पण कर्जातल्या तेवढ्या रकमेवर बँक व्याजही लावत नाही. हे खातेउताऱ्यावर दरवर्षी तपासा.

अर्ज खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या पीएमईजीपी ई-पोर्टलवर, फुकट भरता येतो. राबवणाऱ्या संस्थेत आयोग, राज्याचं खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र यांपैकी एक निवडायची. नाव आधारवर आहे अक्षर न् अक्षर तसंच टाका. वडिलांचं नाव, आडनाव पुढेमागे झालं की पडताळणी तिथेच थांबते. अपलोड करायला फोटो, आधार, शिक्षणाचा दाखला, लागू असेल तर जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, ग्रामीण भागासाठी ग्रामपंचायतीचा दाखला आणि प्रकल्प अहवाल लागतो. बँक याखेरीज पॅन, यंत्रांची कोटेशनं, जागेचा भाडेकरार किंवा नमुना ८ (ग्रामपंचायतीचा मालमत्तेचा उतारा) आणि खातेउतारे मागते. जातीचा दाखला सगळ्यात आधी काढायला द्या, वेळ त्यालाच लागतो.

बहुतेक प्रकरणं अडतात ती प्रकल्प अहवालावर. नेटवरून उतरवलेला अहवाल शाखा व्यवस्थापकाला पहिल्या पानावर कळतो. कोटेशन जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याचं हवं, आणि त्यातली किंमत अहवालातल्या आकड्याशी जुळायला हवी. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. शेडचं भाडं जास्तीत जास्त तीन वर्षांचं धरता येतं. फक्त खेळतं भांडवल मागणारा, एकही यंत्र नसलेला प्रकल्प नाकारला जातो. आणि अनुदान वाढावं म्हणून आकडा फुगवू नका: प्रत्यक्ष खर्च कमी निघाला तर जास्तीचं अनुदान परत जातं, कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जखात्याची) मर्यादाही तीन वर्षांत एकदा पूर्ण वापरलेली दिसावी लागते.

बँकेची शाखा युनिटजवळची निवडा आणि अर्ज पाठवण्याआधी व्यवस्थापकाला भेटून या. सिबिल अहवाल (तुमच्या जुन्या कर्जफेडीची नोंद) आधी काढा. जुना मोबाईलचा थकलेला हप्ता किंवा दुसऱ्याला दिलेली जामीनकी तिथे दिसते. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. शाखेत तारण मागितलं तर नकार लेखी मागा आणि राबवणाऱ्या संस्थेकडे द्या.

मंजुरीनंतर उद्योजकता प्रशिक्षण येतं, ५ लाखांवरच्या प्रकल्पाला १० दिवसांचं. ऑनलाईनही करता येतं. प्रमाणपत्र लांबलं की बँकेची अनुदानाची मागणीही लांबते. स्वतःचा हिस्सा भरला, बँकेने कर्जाचा पहिला हप्ता दिला, की ही मागणी बँकेने पोर्टलवर करायची असते. ती केली का, हे शाखेत जाऊन स्वतः विचारा. पोर्टलवर अर्जाची सद्यस्थिती दिसतेच.

तीन वर्षांनी युनिटची प्रत्यक्ष पडताळणी होते आणि मगच ठेवीतलं अनुदान कर्जात वळतं होतं. त्याआधी युनिट बंद पडलं तर ते परत जाऊ शकतं. म्हणून बिलं, वीजबिलं, विक्रीची नोंद जपून ठेवा आणि दारावर योजनेच्या नावाची पाटी लावा. जागा बदलायची झाली तर बँकेला आधी लेखी कळवा. पडताळणीला आलेल्या माणसाला जुन्या पत्त्यावर कुलूप दिसलं, तर युनिट बंद अशी नोंद होऊ शकते.