एक राउटर, अनेक टेबलं: व्हीआरएफ कुठून आलं?

व्हीआरएफ (व्हर्च्युअल राउटिंग अँड फॉरवर्डिंग) म्हणजे एकाच राउटरमध्ये अनेक स्वतंत्र राउटिंग टेबलं, म्हणजे कोणतं पॅकेट कुठे पाठवायचं याच्या याद्या, ठेवण्याची सोय. ते शिकायला बसलेला माणूस बहुधा थेट कमांडकडे वळतो. नाव द्यायचं, रूट डिस्टिंग्विशर (मार्गांना वेगळी ओळख देणारा आकडा) टाकायचा, इंटरफेस जोडायचा. सिस्कोच्या राउटरवर इंटरफेस जोडला की त्यावरचा आयपी पत्ता उडतो आणि तो पुन्हा टाकावा लागतो. पहिला गोंधळ इथेच होतो. दुसरा गोंधळ जास्त चिवट असतो. एका राउटरमध्ये इतकी राउटिंग टेबलं हवीतच कशाला, हे नीट कळलेलं नसतं. त्याचं उत्तर १९९० च्या दशकातल्या दूरसंचार कंपन्यांच्या अडचणीत आहे.

तेव्हा मोठ्या संस्था आपल्या शाखा फ्रेम रिले किंवा एटीएम या तेव्हाच्या दूरसंचार तंत्रांच्या सर्किटांनी, म्हणजे दोन ठिकाणांमधल्या आखून दिलेल्या जोडण्यांनी, जोडत. ३० शाखांना एकमेकांशी थेट बोलायचं असेल तर ४३५ सर्किटं लागत, आणि एक शाखा वाढली की आणखी ३०. सेवा देणाऱ्या कंपनीच्या राउटरनेच ग्राहकाच्या राउटिंगमध्ये भाग घेतला, तर प्रत्येक शाखेला एकच जोडणी पुरते. पण एकाच राउटरवर दहा ग्राहक आले की त्यांना वेगळं कसं ठेवायचं? एक तर प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र राउटर द्यायचा, म्हणजे खर्च. नाहीतर फिल्टरच्या लांबलचक याद्या लिहायच्या, म्हणजे एक ओळ चुकली की एका ग्राहकाची वाहतूक दुसऱ्याकडे.

फिल्टरने न सुटणारी अडचण वेगळीच होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तंत्रांचे क्रमांकित दस्तऐवज) फक्त अंतर्गत वापराच्या खासगी पत्त्यांचे पट्टे पक्के केले; १०.०.०.० हा पट्टा कोणीही वापरायला मोकळा होता. दोन ग्राहकांकडे १०.१.१.० हेच नेटवर्क असेल, तर एका टेबलात त्यांच्यात फरक करायला जागाच नाही.

मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५४७ आलं. लिहिणारे एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर, दोघेही सिस्कोचे. गंमत म्हणजे आरएफसी १९१८ च्या लेखकांतही रेख्टर आहेत, आणि बीजीपीच्या (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या प्रोटोकॉलच्या) १९८९ च्या पहिल्या आरएफसीवरही त्यांचं नाव आहे. रोझेन आणि रेख्टर यांचा उपाय साधा होता: राउटर एकच, पण टेबल ग्राहकागणिक वेगळं. पॅकेट कोणत्या इंटरफेसवरून आत आलं, त्यावरून कोणत्या टेबलात पाहायचं ते ठरतं. व्हीआरएफ म्हणजे मुळात एवढंच.

बाकीचा पसारा ही टेबलं एका राउटरकडून दुसऱ्याकडे नेण्यासाठी आहे. दोन ग्राहकांचा सारखाच मार्ग बीजीपीतून पाठवताना तो वेगळा ओळखू यावा म्हणून चार बाइटच्या पत्त्याआधी आठ बाइटचा रूट डिस्टिंग्विशर लावतात. तो मार्ग कोणत्या व्हीआरएफने उचलायचा, हे मात्र रूट टार्गेट सांगतं. हे दोन वेगळे ठेवले, कारण एकाच ठिकाणाला अनेक गटांत असावं लागतं; सगळ्या विभागांना लागणारा सामाईक सर्व्हर, उदाहरणार्थ. सरावाच्या बहुतेक धड्यांत दोन्हींना ६५०००:१ अशी एकच किंमत देतात आणि शिकणाऱ्याला ती एकाच गोष्टीची दोन नावं वाटू लागतात. ही सवय माझ्या मते वाईटच. मधल्या राउटरांना ग्राहकांचे मार्ग ठाऊक नसतात. तिथे एमपीएलएसची (पत्त्याऐवजी पॅकेटवरच्या लेबलावरून ते पुढे पाठवण्याच्या तंत्राची) दोन लेबलं काम करतात: बाहेरचं लेबल पॅकेटला पलीकडच्या राउटरपर्यंत नेतं, आतलं ते कोणत्या ग्राहकाचं हे तिथे सांगतं. फेब्रुवारी २००६ मध्ये आरएफसी ४३६४ ने आरएफसी २५४७ ची जागा घेतली.

पुढे हीच कल्पना कंपन्यांच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये उतरली, तीही एमपीएलएसशिवाय. तिला व्हीआरएफ-लाइट म्हणतात. तोवर विभाग वेगळे करायला व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्कं) होतेच, ८०२.१क्यू हे मानक १९९८ चं. पण व्हीलॅन दुसऱ्या थरावर, म्हणजे स्विचच्या पातळीवर, वेगळे असले, तरी राउटरपाशी पोहोचले की सगळे त्याच एका टेबलात भेटतात. व्हीआरएफ-लाइटने ती भेट टळते. त्यासाठी प्रत्येक दुव्यावर प्रत्येक व्हीआरएफचा वेगळा सब-इंटरफेस (एकाच इंटरफेसचा तार्किक भाग) लागतो, म्हणून चार-पाच व्हीआरएफच्या पुढे ते डोईजड होतं.

२०१३ मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीत शिरलेले चोर शीतकरणाचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉगिनने आत आले आणि बिलिंगच्या यंत्रांपर्यंत पोहोचले. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. नेटवर्कचे भाग पाडण्याला त्यानंतर सुरक्षेच्या चर्चेत मोठं वजन आलं. तरी व्हीआरएफला फायरवॉल समजू नये. आरएफसी २५४७ चा दावा फ्रेम रिलेइतक्या वेगळेपणाचा होता, एन्क्रिप्शनचा नव्हता. शिवाय एका व्हीआरएफच्या आत सगळे सगळ्यांशी बोलू शकतात.

शिकायला पूर्वी खरे राउटर लागत. क्रिस्टोफ फियो यांच्या डायनॅमिप्सने सिस्कोचा ७२०० राउटर साध्या संगणकावर आणला आणि जीएनएस३ ने त्याला चित्रांचा पडदा दिला. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस (एकाच संगणकावरचे स्वतंत्र नेटवर्क-कप्पे) आधी आले, पण त्यात सगळंच वेगळं होतं. फक्त तिसरा थर, म्हणजे आयपी राउटिंगचा, वेगळा करणारं व्हीआरएफ कर्नल ४.३ मध्ये, नोव्हेंबर २०१५ ला आलं; त्यामागे क्युम्युलस नेटवर्क्सचे डेव्हिड अहर्न होते.

सुरुवात लिनक्सवरच करावी. तिथे व्हीआरएफ हे एक डिव्हाइस असतं: त्याला टेबलाचा क्रमांक द्यायचा आणि इंटरफेस त्याखाली जोडायचे. बीजीपी चालवत नाही तोवर रूट डिस्टिंग्विशरचा प्रश्नच येत नाही. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करून बघावी. त्या टेबलात 'अनरीचेबल' (पोहोचता येत नाही) असा डीफॉल्ट मार्ग टाकला नाही, तर तिथे न सापडलेल्या पत्त्याचा शोध मुख्य टेबलापर्यंत जातो आणि वेगळं केलेलं पॅकेट तिथल्या मार्गाने बाहेर पडू शकतं.